भाकरतुकडा

ईट गावी सासूकडं ठेवलेलं लेकरू तापानं फणफणल्याचं कळल्यावर नवरा म्हणाला, “रविवारी बघू.” महेश्वरीनं त्याचंच जॅकेट, हेल्मेट चढवलं आणि त्याच्याच मोटारसायकलला किक मारली. पुण्याहून नगर, जामखेड, खर्डा मागं टाकत, माळामागून माळ कापत एकटीच आली. दुधानं छाती ठणकत होती. गाडीचा ओळखीचा आवाज ऐकून सासू भाकरतुकडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. “एवढ्या उन्हाचा एकटाच आलास व्हय रं, बाळा?” म्हणत हेल्मेटवरून तुकडा ओवाळू लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच महेश्वरीवरून कुणी काही ओवाळत होतं. तिनं हेल्मेट काढलं. “आत्याबाई, मी आलेय.” सासूचा हात थबकला. आत लेकरू रडत होतं. मग सासूनं तोच तुकडा गाडीच्या दिव्यावरून ओवाळून लांब भिरकावला. “माझ्या पोराची गाडी लई लांबून आलीया,” म्हणत तांब्यातलं पाणी चाकांवर ओतलं.