पहिला प्रश्न एन्नीचा

आर्तूचं बोलणं संपलं आणि खोलीतली वीस डोकी एन्नीकडे वळली.

इलेक्ट्रिकल विभागाच्या गुरुवारच्या चर्चासत्राचा नियमच तसा होता. व्याख्यान झालं की पहिला प्रश्न सगळ्यांत नव्या विद्यार्थ्याने विचारायचा, आणि तो विचारेपर्यंत प्राध्यापकांनीसुद्धा तोंडाला कुलूप लावायचं. त्यात ही फिनिश माणसं. गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार? मागे एका मुलाने पहिल्या प्रश्नाला अकरा मिनिटं लावली, तोवर मागच्या बाकावर कुणाचा तरी पायमोजा विणून झाला, असं सांगतात.

एन्नीला येऊन तीनच आठवडे झाले होते. साधा, कुणाला न बोचणारा प्रश्न तिने कालच पाठ करून ठेवला होता. पण आता पडद्यावर आर्तूच्या प्रयोगाचा फोटो होता, आणि त्यात मोजणीच्या यंत्राला पिवळी केबल जोडलेली दिसत होती. ती केबल तिनेच लावली होती. मंगळवारी, दुपारी बारा वाजता. प्रयोगशाळेतल्या केबली तपासणं हे नव्या माणसाचं काम. आर्तूच्या टेबलावरची काळी केबल खराब निघाली, तिने ती काढून नवी जोडली. तेवढ्यात जेवायला चल म्हणून हाका आल्या आणि वहीत नोंद करायची राहून गेली.

आर्तूने चार वर्षं खपून बनवलेला नखाएवढा चिपचा तुकडा क्षीण संकेत वाढवायचा. किती वाढवतो तो आकडा फोटोखाली जाडजूड अक्षरांत होता: सव्वीस डेसिबल. एवढं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. सोमवारी त्यावरचा शोधनिबंध जायचा होता. आणि याच आर्तूने पहिल्या दिवशी तिला आपली खिडकीजवळची खुर्ची दिली होती.

नाही विचारलं, तर कुणाला कळणार होतं?

"यंत्र शून्यावर कधी आणलंस?" तिने विचारलं.

"मंगळवारी. सकाळी नऊला."

"आणि मोजलंस कधी?"

"एकला. जेवून आल्यावर." आर्तू हसला. "का गं, जेवायचंही नाही का माणसाने?"

दोघं-तिघं हसले.

"बाराला मी केबल बदलली," एन्नी म्हणाली. "जुनी दोन डेसिबल खात होती. मी वहीत लिहिलं नाही."

हसणं थांबलं. त्या खोलीत कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी शून्यावर आणताना यंत्राने जुन्या केबलची गळती हिशेबात धरली होती. दुपारी गळती उरली नव्हती, यंत्र मात्र तेवढी भर घालतच राहिलं होतं.

आर्तूचे कान लालबुंद झाले. मग त्याने खडू उचलला, फळ्यावर सव्वीस लिहिले, त्यातून दोन वजा केले.

"चोवीस," तो म्हणाला. "म्हणजे विक्रम गेला. दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी चोवीस गाठलेत. पुढचा प्रश्न?"

"पुन्हा कधी मोजणार?" पहिल्या रांगेतून रायलीने विचारलं. ती त्याची मार्गदर्शक प्राध्यापक.

"आजच. सूप पिऊन."

"आणि सोमवारचं?"

"जाऊ दे सोमवार."

इतकं मोठं मन एन्नीने एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी खानावळीत वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असतं, त्यामुळे खोली भराभर रिकामी झाली. एन्नी मात्र खुर्चीला खिळून बसली होती. उद्यापासून आपल्याला साधा स्क्रूड्रायव्हरही कुणी हातात देणार नाही, याची तिला खात्री होती. आर्तू शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन नोंदवही घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवली.

"लिही."

"मंगळवारची तारीख टाकू?"

"आजची टाक. मागची टाकलीस तर तीही खोटीच नोंद."

तिने लिहिलं: 'मंगळवारी बाराला केबल बदलली. नोंद केली नाही. एन्नी.' अक्षर वेडंवाकडं आलं.

आर्तूने पेन घेतलं आणि उभ्याउभ्याच खाली लिहिलं: 'जेवून आल्यावर यंत्र पुन्हा शून्यावर आणलं नाही. आर्तू.'

तो वही मिटणार, तेवढ्यात अंगात कोट चढवलेली रायली दारातून परत आली.

"थांब रे. दे ते पेन इकडे."

तिने चष्मा वर केला, वहीवर वाकली, आणि सावकाश तिसरी ओळ लिहिली: 'मंगळवारी आकडा आवडला, म्हणून प्रश्न विचारला नाही. रायली.'