छत्तिसावं मत

"सुटला! राष्ट्राध्यक्ष सुटला!" कॅपिटलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, टेकडीवरून धावत आलेला माणूस ओरडत पुढे गेला. व्हिटलोच्या खोगिरांच्या कारखान्यातले सगळे हात जागच्या जागी थांबले.

खोगीर शिवणारा काळा कामगार ओबडाया दाराकडे बघत राहिला. गेले अडीच महिने तो याच निकालाकडे डोळे लावून बसला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला होता, एक कान गमावून परतला होता. पुढे वॉशिंग्टनमधल्या काळ्या माणसांना मताचा हक्क देणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केला. राष्ट्राध्यक्षाने तो फेटाळला. काँग्रेसने त्याच्या नाकावर टिच्चून तो पुन्हा मंजूर केला. अशी भांडणं वाढत वाढत प्रकरण राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढण्याच्या महाभियोगावर गेलं, आणि तो खटला सेनेटपुढे, संसदेच्या वरच्या सभागृहापुढे, चालला होता.

पण हक्क मिळाला तरी व्हिटलोने आपल्या काळ्या कामगारांना बजावलं होतं, "मतदारयादीत ज्याचं नाव, त्याला इथे काम नाही." शहराची निवडणूक दोन आठवड्यांवर आली, तरी ओबडायाने नाव नोंदवलं नव्हतं. बायकोला तो म्हणायचा, "हा राष्ट्राध्यक्ष एकदा जाऊ दे. मग या मालकाची काय टाप आहे!"

आता तो जाणार नव्हता.

"संपलं रे पोरा," शेजारी बसलेले म्हातारे ईनस काका पुटपुटले.

व्हिटलो मात्र खुशीत होता. पोट धरून हसत तो ओबडायासमोर येऊन उभा राहिला. "काय रे, कुठे गेली तुझी काँग्रेस? एवढी सगळी सेनेट एकवटली, काय वाकडं केलं त्याचं?"

"किती मतं कमी पडली, साहेब?"

"काढायला छत्तीस हवी होती, पस्तीस पडली. एक! फक्त एका मताने वाचला बघ आमचा माणूस!"

ओबडायाने ते मनात घोळवलं. एका मताने. एवढा मोठा राष्ट्राध्यक्ष, आणि एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज घरी गेला असता.

त्याने दाभण खाली ठेवलं, कमरेला बांधलेलं कामाचं कातडं सोडलं आणि घडी घालून बाकावर ठेवलं.

"कुठे निघालास?" व्हिटलोचं हसू मावळलं.

"नाव नोंदवायला. एकच कमी पडलं म्हणालात ना, साहेब? ते माझ्याकडे आहे."

"परत या दारात पाऊल ठेवायचं नाही!"

ओबडाया उंबऱ्यापर्यंत पोचला होता. मागे बाक करकरला. ईनस काका गुडघ्यांवर हात रोवून उठत होते.

"थांब रे," ते म्हणाले, "एक कशाला, दोन धर."