काठावरची मावशी

"मावशी, तू बस इथे सामानापाशी. आम्ही एक डुबकी मारून आलोच," म्हणत भाच्याने खांद्यावरची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि उत्तराची वाट न बघता तो तरणतलावाकडे धावला.

त्याच्या मागोमाग त्याच्या ऑफिसातली मंडळी आली. घड्याळं, चष्मे, मोबाईल, गाडीच्या किल्ल्या, सगळं तिच्यापाशी जमा झालं. चपलाबुटांचा तर ढीगच झाला. एकाने पायातले मोजे काढून बाकावर ठेवले आणि म्हणाला, "लक्ष ठेवा हं, मावशी." कुणाची मावशी, आणि कुणाचे मोजे!

आज शनिवार. सोमवारपासून हेच चाललं होतं. "आठ दिवस राहायला ये गं, नुसती धमाल करू," असं भाच्याने फोनवर सांगितलं, म्हणून ती हौसेने आली होती. सोमवारी प्राणिसंग्रहालयात तिने सगळ्यांच्या छत्र्या धरल्या. मंगळवारी आकाशपाळण्याखाली जॅकेटं. बुधवारी नावेत एक जागा कमी पडली, तेव्हा मागे कोण राहणार हे कुणाला विचारावंही लागलं नाही. गुरुवारी ऑफिसचा क्रिकेटचा सामना होता. तिथे ती पाण्याच्या बाटल्या राखत उन्हात बसली. काल सिनेमाला मात्र तिला आत नेलं, कारण भाच्याच्या छोटीला मांडीवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. दर वेळी तिने मनाला समजावलं, जाऊ दे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

पण आज समोर पाणी होतं. क्लोरिनचा तो ओळखीचा वास नाकात शिरला आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले. एकतीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत पोहायला शिकवलं होतं. तिच्या शिट्टीवर चाळीस मुली एका वेळी पाण्यात उतरायच्या.

तेवढ्यात भाच्याच्या साहेबांची बायको पोहत काठाशी आली. केसांतलं पाणी निपटत तिने विचारलं, "मावशी, तुम्ही नाही उतरणार?"

मावशीने तोंड उघडलं, पण भाचा आधी बोलला.

"छे हो मॅडम! तिला पाण्याची भीती वाटते. आणि आता या वयात कुठे? ती आपली काठावरच खूश असते."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण बोलत होतं हे? सात वर्षांचा असताना शिडीचा दांडा सोड म्हटलं की गळा काढणारा हाच. पोटाखाली हात धरून महिनाभर तिनेच त्याला तरंगवलं होतं. पोटात गेलेलं पाणी तो तिच्याच अंगावर ओकला होता.

"पुन्हा बोल," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता काय म्हणालास ते. माझ्याकडे बघून बोल."

भाचा कसनुसा हसला. "अगं, गमतीने म्हटलं. सगळ्यांसमोर काय हे, मावशी?"

"सगळ्यांसमोरच तर बोललास."

ती उठली. मांडीवरची पिशवी खाली पडली, तिने ती उचलली नाही.

कपडे बदलायच्या खोलीपाशी बसलेल्या बाईने भाड्याच्या पोशाखांतला एक सैलसा शोधून दिला आणि सांगितलं, "आजी, उथळ पाणी डावीकडे आहे हं."

"मला उजवीकडे जायचंय."

ती बाहेर आली तशा काठावरच्या गप्पा थांबल्या. अडुसष्ट वर्षांच्या मांड्या, सुटलेलं पोट, आखूड निळा पोशाख. कुणीतरी खाकरलं. भाचा लगबगीने पाण्यातून वर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, काय चाललंय तुझं? लोक बघतायत!"

"बघू देत. आठवडाभर कुणी बघितलं नव्हतं."

शिडीवरून ती खोल पाण्यात उतरली. पाणी गार होतं. पहिले चार हात धड पडलेच नाहीत. उजवा खांदा कुरकुरला, नाकात पाणी गेलं. निम्म्यावर येईतो छातीचा भाता झाला होता. परत फिरावं असं वाटलंही. पण मागे तोच काठ होता. ती पुढेच गेली, हात मारत, दम टिकवत, आणि पलीकडच्या भिंतीला तिची बोटं लागली.

कठड्याला धरून ती धापा टाकत राहिली. भाचा काठाकाठाने धावत तिथवर पोचला होता. ओणवा होऊन तो म्हणाला, "झालं ना समाधान? आता बाहेर ये. काही झालं तर घरी काय सांगू मी? आणि मॅडमना काय वाटेल?"

मॅडमही पोहत मागून आल्या होत्या, दोन हातांवर होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं. त्या काही बोलणार, तेवढ्यात मावशीने हात वर करून त्यांना थांबवलं.

"त्यांना काय वाटतं ते त्या सांगतील," ती भाच्याला म्हणाली. "मला काय वाटतं ते मी सांगेन. तुला कुणी मध्ये घातलंय?"

भाचा दोन पावलं मागे सरला.

मावशीने नाक साफ केलं. राग उतरला नव्हता, आणि तो उतरवायची तिला घाईही नव्हती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही तळपाय भिंतीवर रोवून पाण्यात झेप घेतली.