शहात्तर पट्ट्या

"एकसष्ट, शहात्तर की अठ्ठ्याऐंशी?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा कीबोर्ड भाऊजींनी एका बाजूने उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला. "हा न्यायचा तर आधी बँडमध्ये दोन हमाल घ्यावे लागतील."

बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा तो मात्र हसला नाही. आता एकसष्ट की शहात्तर एवढंच ठरवायचं होतं. दुकानदाराच्या लेखी पंधरा पट्ट्यांचा फरक. त्याच्या लेखी, खालच्या सुरांची बास गिटार वाजवणारे भाऊजी बँडमध्ये राहणार की जाणार, एवढा.

परवा सराव संपल्यावर गायिकेने त्याला जिन्यात गाठलं होतं. बँड तिचा, शेवटचा शब्दही तिचाच. "शहात्तरचा घे. डावीकडच्या पट्ट्यांना बासचा आवाज लाव, उजव्या हाताने बाकीचं वाजव. लोकांना जुनी गाणी जशीच्या तशी ऐकू आली म्हणजे झालं. तुझ्या भाऊजींचं मी बघते."

तो 'नाही' म्हणाला नव्हता. 'बघतो' म्हणाला होता. तेव्हापासून त्याला स्वतःचीच किळस येत होती. त्याला या बँडमध्ये आणलं भाऊजींनी. पहिल्याच कार्यक्रमात तो सपशेल चुकला, तेव्हा ती चूक अंगावर घेतली तीही त्यांनीच. आणि आज नवा कीबोर्ड उचलायला म्हणून रजा टाकून तेच आले होते. ताईने दोघांचा डबा दिला होता.

"एकसष्टचा द्या," तो एकदम म्हणाला. गायिका चिडेल. चिडू दे.

"एवढ्याशात तुझं कसं भागणार?" भाऊजी म्हणाले. "शहात्तरचा घे, मुकाट्याने."

"नको. त्या जास्तीच्या पट्ट्या कशासाठी आहेत, तुम्हाला माहीत नाही, भाऊजी."

मग त्याने जिन्यातलं सगळं बोलणं सांगून टाकलं. स्वतःचं 'बघतो'सुद्धा. वर बघायची हिंमत होत नव्हती. दुकानदार शहाणा, काहीतरी आणायला म्हणून आत निघून गेला.

भाऊजींनी शहात्तरच्या कीबोर्डच्या डावीकडच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांना राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुझ्याशी बोल म्हणून तिला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझ्या बोटांना तारा कळेनाशा झाल्यात रे. दोन महिने झाले, गिटारचा आवाज शून्यावर ठेवून मी तुझ्या शेजारी नुसता उभा राहतो. तुझा डावा हात सवयीने खालचे सूर धरतो, त्यावर गाणी निभावतात. बाकीच्यांचं सोड. मला वाटलं होतं, तुला तरी कळेल."