माठावरची नावं

सकाळपासून ऊ न्यो नऊ पाणपोयांचं पाणी प्यायला होता, आणि यांगूनमध्ये उतरून त्याला अजून चार तासही झाले नव्हते.

"पोट आहे की तळं?" दॉ थ्वेने नवऱ्याला विचारलं. "चालताना आत डुचमळतंय ते मला इथपर्यंत ऐकू येतंय."

"ऊन आहे," तो म्हणाला आणि दहाव्या माठाकडे वळला.

ऊन होतंच. पण पेला उचलण्याआधी तो माठावरची फळी वाचायचा. आमच्याकडे गल्लीगल्लीत लोक माठ भरून ठेवतात आणि पुण्य कुणाच्या नावे ते फळीवर लिहितात. नवऱ्याचं नाव, बायकोचं, मुलाबाळांचं, गावाचं. नुसती नावं वाचून पुढे जाणं बरं दिसत नाही, म्हणून तो दर वेळी पाणी प्यायचा.

थ्वेला हे सगळं कळत होतं. मागच्या महिन्यात शेजारचा बो खिन यांगूनहून परतला आणि चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, "न्योदादा, तिकडे रुळांच्या कडेला, शिरीषाच्या झाडाखाली तुमच्या दोघांच्या नावाचे माठ पाहिले मी." "असेल कुणी दुसरा न्यो," असं म्हणून ऊ न्योने विषय तोडला. चार दिवसांनी त्याला एकाएकी श्वेडगॉन पॅगोडाच्या दर्शनाची ओढ लागली. यांगूनमध्ये त्यांचं एकच माणूस होतं, आणि त्या पोरीचं नाव घरात सात वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

दर्शनाला पोचले तेव्हा भर दुपार होती. पॅगोडाभोवतीच्या फरशीने पाय पोळत होते. तिथे प्रत्येक वाराचा कोपरा वेगळा, प्राणी वेगळा; जो ज्या वारी जन्मला, त्याने त्या वाराच्या मूर्तीवर पाणी घालायचं. ऊ न्यो मंगळवारचा. त्याने सिंहाजवळच्या मूर्तीवर पेल्यापेल्याने पाणी घातलं. मग अनवाणी, चटके सोसत, पाऊण प्रदक्षिणा घालून तो रविवारच्या गरुडापाशी जाऊन उभा राहिला.

"रविवारचं कोण आहे आपल्यात?" मागून आलेल्या थ्वेने विचारलं.

"गर्दीत कोपरा चुकला."

आमच्या माणसाचं काहीही चुकेल, जन्मवाराचा कोपरा चुकायचा नाही. थ्वेने पेला भरून त्याच्या हातात दिला. त्यांची ओन्मा रविवारी पहाटे जन्मली होती.

मग बाजार झाला, तळं झालं, गोल फिरणाऱ्या आगगाडीतून अर्धं शहर झालं. जिथे शिरीष दिसेल तिथे ऊ न्यो उतरायचा आणि रुळांच्या कडेने चालत सुटायचा. तेरावा माठ, चौदावा, पंधरावा. चार वाजता थ्वेच्या चपलेचा पट्टा तुटला. गावाची गाडी साडेपाचला होती, आणि कापणीला आलेला भात त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

"अहो, सरळ विचारा ना कुणाला तरी," ती रस्त्याकडेला टेकत म्हणाली.

"काय विचारू?" तो एकदम खेकसला. "माझी पोरगी कुठे राहते, हे मी परक्याला विचारू?"

सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'माझी पोरगी' आलं होतं. थ्वेने तुटकी चप्पल हातात घेतली आणि उठली. "चला. तिकडे अजून एक शिरीष दिसतोय."

त्या झाडाखाली दोन माठ होते. गळ्याभोवती ओलं फडकं, झाकणावर घासून लख्ख केलेला पेला. फळीवर लिहिलं होतं, 'ऊ न्यो, दॉ थ्वे. थानबिन गाव.' खाली काहीच नव्हतं. अर्धी फळी कोरी होती.

ओन्मा एका मोटार दुरुस्तीवाल्याबरोबर घर सोडून निघाली, त्या दिवशी हाच माणूस जिन्यावरून ओरडला होता, "यापुढे माझ्या नावाशेजारी तुझं नाव दिसता कामा नये!" पोरीने बापाचा शब्द पाळला होता. पाणी रोज ती भरत होती, आणि पुण्य सगळं आईबापाच्या नावे लावत होती.

बराच वेळ ऊ न्यो फळीवरून हात फिरवत राहिला. मग त्याने कनवटीची पानाची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं, 'ओन्मा.'

"आणि त्याचं?" थ्वेने विचारलं.

"जागा नाही फळीवर."

"चांगली वीतभर आहे."

"नाव काय म्हणायचं त्याचं?"

"सात वर्षं झोपेतसुद्धा त्याच्या नावाने शिव्या घालता, आणि आता नाव आठवत नाही होय?"

ऊ न्योने पुन्हा चुना घेतला. 'तुन लिन.' अक्षरं जरा बारीक काढली, पण काढली.

चुना ओला होता तोवरच मागे बादली आपटल्याचा आवाज झाला. ओन्मा उभी होती. पायांवर पाणी सांडलं होतं, त्याचंही तिला भान नव्हतं. तिने फळी पाहिली, मग बापाचं पांढरं बोट पाहिलं. तिने पेला उचलला, बाहीने पुसला, माठात बुडवला आणि काठोकाठ भरून पुढे केला.

"बाबा, पाणी प्यायलात का?"

थ्वेने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"नाही गं," ऊ न्यो दोन्ही हातांनी पेला घेत म्हणाला. "सकाळपासून घोटभरसुद्धा नाही."