धाकटीचं नशीब

आई चोरीच्या गुन्ह्यात आत गेली, तेव्हा धाकटी पोटात होती. आता ती तीन वर्षांची आहे आणि तुरुंगात आईजवळच राहते. सहा वर्षांवरच्या मुलांना तिथे ठेवत नाहीत, म्हणून नऊ वर्षांची थोरली मावशीकडे असते.

"ताई, आई मला रोज थोपटते," भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे आईच्या मांडीवर बसलेली धाकटी ऐटीत म्हणाली.

"थोपटणारच. कुक्कुलं बाळ ना तू!" थोरलीने तिला वेडावून दाखवलं.

"असं करू नये. तू माझी शहाणी ना?" आई म्हणाली.

वेळ संपली आणि धाकटी आईच्या कडेवर बसून आत गेली. थोरलीने दारावरच्या शिपाईकाकूंची बाही ओढली.

"काकू, मलापण आत राहायचंय. किती चोरावं लागेल?"