वेग बावीस

गस्तीच्या बोटीवरच्या शिपाईबाईने वेग मोजायचं यंत्र खाली घेतलं आणि पुन्हा डोळ्यांपुढे धरलं. आकडा तोच. बावीस. पोहणाऱ्यांच्या पट्ट्यात दहाच्या वर जायचं नाही, असा तळ्याचा नियम.

किनाऱ्यालगत पोहायला शिकणाऱ्या बायका दोर धरून उभ्या होत्या. मोटारबोटीची लाट आली आणि एकीचा हात सुटला. दगडी पायरीवर आपटणार, तोच शिकवणाऱ्या बाईंनी तिला दंडाला धरून ओढलं.

"तुझे मामा आहेत गं," सुकाणूवरचा सहकारी हळूच म्हणाला. "दम देऊन सोड."

"बोट आडवी घाल."

मोटारबोट थांबली. आत सात प्रवासी. मामाने इंजिन बंद केलं.

"मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं. म्हणूनच वेग दोनदा मोजला." घरी त्याला अरे-तुरे करणारी ती पुढे म्हणाली, "परवाना दाखवा तुमचा."

मामाचा पारा चढला. "ही गस्त चालते कुणाच्या जिवावर? आम्ही बोटवाले फेरीमागे वर्गणी देतो. गस्तीच्या ठरावाला पहिला हात मी वर केला होता. आणि माझ्याच पैशाच्या बोटीतून मलाच अडवतेस?"

"मग तुमचे पैसे पाण्यात गेलेले चालतील?"

मामाने किनाऱ्याकडे पाहिलं. हात सुटलेली ती बाई अजून खोकत होती. पुढे केलेला दोर काही केल्या हातात घेत नव्हती.

त्याने परवाना काढून दिला. तिने पावतीवर सरळ अक्षरात लिहिलं. नाव, वेळ, वेग, दंड. मामाने सही केली, पावतीची घडी खिशात घातली आणि किनाऱ्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

मग मोटारबोट निघाली, ती माणूस रमतगमत चालावा तशी.

"ओळखीची दिसते," मागे बसलेले एक गृहस्थ म्हणाले.

"भाची आहे. सख्ख्या बहिणीची पोरगी."

"सख्खी भाची? आणि तरी सोडलं नाही तुम्हाला?"

मामा ताठ बसला.

"सोडलं असतं, तर भाची म्हणून सांगितलं नसतं."